छातीतली बॅटरी: साधी घ्यावी की चार्जिंगची?

पार्किन्सनसाठी (कंपवातासाठी) डीबीएस, म्हणजे मेंदूत बारीक तारा टाकून छातीतल्या बॅटरीवरून त्यांना विजेची स्पंदनं द्यायचं ऑपरेशन, करायचं ठरलं आहे, रात्रभर गोळ्या बंद ठेवून सकाळची लिव्होडोपा चाचणी (त्या गोळीनं किती फरक पडतो ते पाहायची) पार पडली आहे, एमआरआय झाला आहे आणि आता डॉक्टरांनी विचारलं आहे की बॅटरी कोणती बसवायची. अशा घरांसाठी हे लिहितो आहे. ऑपरेशन करावं की नाही, तारा मेंदूतल्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या भागात टाकाव्या की ग्लोबस पॅलिडस या भागात, हे डॉक्टरच ठरवतात. बॅटरीचं मात्र ते बरंचसं घरच्यांवर सोडतात. आमच्या बाबांच्या छातीत आधी साधी, म्हणजे चार्ज न होणारी, होती, ती संपल्यावर चार्जिंगची बसवली. म्हणजे एकाच माणसाच्या अंगावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या एकाच खेड्यात, आम्ही दोन्ही पाहिल्या. तुमचं घर वेगळं असेल, आजाराचा वेग वेगळा असेल, त्यामुळे माझं म्हणणं तेवढ्याच मापानं घ्या.

पहिल्या वेळी साधी घेतली ती पैशामुळे. दोन्हींत तेव्हा काही लाखांचा फरक सांगितला होता आणि त्या वर्षी तुरीचा भाव असा नव्हता की तो फरक हसत द्यावा. शिवाय सगळे म्हणत होते की खेड्यात चार्जिंगचं लफडं कशाला, लाइनीचा काही भरवसा नाही. ते मलाही पटलं होतं. साध्या बॅटरीचं सुख खरंच मोठं आहे. बसवली की विसरा. आईला काही शिकवावं लागलं नाही, मी कामाच्या गावी निर्धास्त असायचो, बाबा लग्नाला अकोल्याला गेले तर सोबत गोळ्यांचा डबा आणि मशीन चालू-बंद करायचा छोटा रिमोट, एवढंच. मुंबईहून परतताना विदर्भ एक्सप्रेसमध्ये बडनेऱ्यापर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं कपभर चहा न सांडता प्यायला. त्या दिवशी बॅटरी कोणती आहे याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं.

कुरकुर सुरू झाली ती पुढे, सेटिंग लावायच्या वेळी.

ज्यांनी अजून हे पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑपरेशननंतर काही आठवडे नुसत्या तारा टोचल्याचाच थोडा गुण दिसतो, तो ओसरला की खरी तपासणी होते. सकाळची गोळी न घेता जायचं. तारेच्या टोकाशी जे संपर्कबिंदू असतात ते एकेक करून तपासतात. प्रवाह थोडा थोडा वाढवत नेतात, मनगट फिरवून ताठरपणा पाहतात, बोटं आपटायला लावतात, आणि जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं किंवा हाताला मुंग्या आल्या की तिथे थांबतात. फायदा कुठे सुरू होतो आणि त्रास कुठे सुरू होतो, या दोन खुणांमधली जागा जितकी रुंद तितकं बरं. हे काम कंटाळवाणं आहे, पण ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं आहे. तारा उत्तम बसल्या आणि सेटिंग अर्धवट राहिलं तर निम्मा खर्च पाण्यात.

आता या तपासणीत साध्या बॅटरीचं काय होतं? प्रवाह वाढवला, स्पंदाची रुंदी (एकेक स्पंद किती वेळ टिकतो ती) वाढवली, एकाऐवजी दोन बिंदू चालू केले की बॅटरी लवकर उतरते. वारंवारता (सेकंदाला किती स्पंदनं) कमी करून वाचवावं म्हटलं तर कंपासाठी ते सहसा चालत नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या डॉ. बेनाबिद यांनी १९८७ मध्ये ही पद्धत रूढ केली तीच मुळी जलद स्पंदनांवर, आणि आजही बहुतेकांचं सेटिंग १३० हर्ट्झच्या आसपास असतं. (चालताना पाय जमिनीला चिकटत असतील तर डॉक्टर ६० हर्ट्झही करून बघतात, पण ते बॅटरीसाठी नव्हे.) म्हणून दर वेळी नागपूरला, सेटिंग लावायच्या खोलीत, एक बेरीज मनात चालायची: हे सेटिंग चांगलं आहे, पण यानं वर्ष-दीड वर्ष कमी झालं तर?

डॉक्टर ती बेरीज करायचेच, पण खरा त्रास बाबांचा होता. प्रवाह जरा वाढवला, हात मोकळा झाला, की बाबा विचारायचे, "साहेब, यानं हे लवकर जाईन का?" साहेब खरं ते सांगायचे. मग बाबा म्हणायचे, "राहू द्या मंग, पयलंच बरं होतं." पहिलं बरं नव्हतं, आम्हाला दिसत होतं. सदऱ्याची बटणं लावायला आई लागत होती. पण ज्या माणसानं आयुष्यभर ओलिताच्या मोटारीवर डोळा ठेवला, वाफा भरला की पळत जाऊन बटण बंद केलं, त्याच्या छातीत तुम्ही उतरत जाणारा सेल ठेवलात तर तो दुसरं काय करणार?

एवढ्यावरही थांबलं नाही. काही महिन्यांनी आईकडून कळलं की बाबा रात्री रिमोटनं मशीनच बंद करून झोपतात. विचारलं तर म्हणाले, "झोपल्यावर कायले चालू ठेवाव? सेल जळते फुकटचा." मशीन बंद केलं की कंप काही मिनिटांत परततो, त्यामागोमाग ताठरपणा येतो, आणि चाल, तोल हे काही तासांत हळूहळू बिघडतं. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत बाबा लाकडासारखे. कूस बदलायची तर आईला उठवायचं, लघवीला जायचं तर आईला उठवायचं. सकाळी मशीन चालू करून ते ओसरीत ठणठणीत बसलेले दिसायचे आणि आई दिवसभर डुलक्या घ्यायची. डॉक्टर चांगलेच रागावले. बाबांनी मान हलवली, आणि आईच्या सांगण्यावरून अधूनमधून तेच चालू राहिलं.

मला या सगळ्याची चीड यायची. एवढा पैसा, डोक्याला भोकं, आणि हातात आलेला आराम माणूस वाचवून ठेवतोय. कशासाठी, तर तो उद्या कमी पडू नये म्हणून. बॅटरी चार वर्षांच्या आतबाहेर गेलीच. साध्याची हीच मुदत धरून चालतात, तीन ते पाच वर्षं. शेवटचे काही महिने तर आजार वाढतोय की बॅटरी उतरतेय हाच घोळ होता. रिमोट खूण दाखवतो, पण त्याआधीच माणसाच्या मनात शंका शिरलेली असते.

दुसऱ्या वेळी मी चार्जिंगची धरून बसलो. डोक्यातल्या तारा तशाच राहतात, गळ्याखालच्या हाडाशेजारची जुनी डबी काढून नवी बसवतात, ऑपरेशन लहान असतं. तरी ते ऑपरेशनच आहे. दर वेळी चिरा, दर वेळी जंतुसंसर्गाची धास्ती, आणि साधी असेल तर दर वेळी नव्या डबीचे पैसे. आताच्या चार्जिंगच्या डब्यांसाठी कंपन्या पंधरा वर्षांची भाषा करतात. मी त्यातली दहा गृहीत धरली, तरी हिशेब चार्जिंगच्या बाजूनं गेला. पण तुम्हाला प्रामाणिकपणे सांगायचं तर हिशेबानं ठरलं नाही, बाबांच्या त्या रात्रीच्या बटणानं ठरलं.

लाइनीची भीती निघाली फुसकी. चार्जर स्वतःच बॅटरीवर चालतो. तो आधी भिंतीला लावून भरायचा, मग छातीवर ठेवायचा. त्यामुळे दिवसभर लाइन नसली तरी बिघडत नाही. मृगाच्या वादळात खांब पडून गाव अंधारात गेलं तेव्हा चार्जर तालुक्याला दुकानात नेऊन भरून आणला, बस.

खरी अडचण चार्जरच्या, छातीवर ठेवायच्या चकतीची आहे. ती डबीच्या बरोबर वर बसावी लागते. जरा सरकली की चार्जर टीं टीं करतो. सोबतचा पट्टा गळ्यात अडकवून पाहिला, बाबांना तो बैलाच्या गळ्यातल्यासारखा वाटला, मग आईनं बंडीला आतून खिसा शिवला आणि प्रश्न मिटला. गोळीचा असर चढलेला असताना अंग वळवळतं, तेव्हा चार्जिंगला बसू नये. बाबा सकाळच्या चहानंतर बसतात, रेडिओवरच्या बातम्या आणि त्यापुढचं काहीबाही ऐकेपर्यंत काम होतं. रोज थोडं थोडं केलं तर सोपं जातं. आठवड्यातून एकदाच करायला गेलं तर बैठक लांबते आणि बाबा उठून गोठ्याकडे जातात. उन्हाळ्यात एक गोष्ट सांभाळा. चार्ज होताना ती जागा कोमट होते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. त्या दिवसांत पहाटेच उरकतो.

आणि मुख्य म्हणजे नागपूरच्या खोलीतली बेरीज बंद झाली. डॉक्टरांनी दुसरा बिंदू जोडला, प्रवाह हवा तेवढा वाढवला. बाबांनी सवयीनं विचारलं, "हे लवकर जाईन का?" उत्तर मिळालं की थोडं जास्त वेळा चार्ज करावं लागेल. "मंग काय," म्हणाले. बटणं आता स्वतः लावतात. रात्रीही मशीन चालूच असतं. मोजमापाचं म्हणाल तर माझ्याकडे आईच्या झोपेखेरीज काही नाही.

बाकीच्या काळज्या दोन्हींत सारख्याच, त्यासाठी पैसे कमी-जास्त करू नका. सांधे दुखतात म्हणून तालुक्याच्या ठिकाणी कोणी विजेच्या मशीननं खोल शेक द्यायला निघालं तर साफ नाही म्हणा, डायथर्मी जिवावर बेतू शकते. चालू वेल्डिंगपासून लांब. शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनजवळ आम्ही बाबांना जाऊच देत नाही. एमआरआय करायची वेळ आली तर आधी मशीनचं कार्ड दाखवा. आणि बोलणं, तोल, विसरभोळेपणा यांत फार फरक पडेल ही आशा कोणत्याही बॅटरीकडून ठेवू नका.

चार्जिंगच्या विरुद्ध एकच गोष्ट मला खरोखर वजनाची वाटते. ती विसरून चालत नाही. पूर्ण उतरू दिली तर उपचार एकदम थांबतो, आणि बऱ्याच वर्षांच्या रुग्णाला असं अचानक बंद पडणं धोक्याचं असतं. म्हणून डॉक्टरांना किंमत विचारण्याआधी घरात विचारा की रोज चकती लावणार कोण. कापूस वेचणीच्या दिवसांत, सगळे वावरात असताना, कोण? आमच्याकडे उत्तर आईचं नाव होतं. तिला अक्षरं येत नाहीत, पण पडद्यावरचं चित्र आणि टीं टीं तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं. हे शिकवणं दवाखान्यातून सुट्टी होण्याआधी तिच्याच हातून करून घ्या. कंपनीचा माणूस झरझर करून दाखवतो, मुलगा मान डोलावतो, आणि घरी चार्जर हातात येतो तो तिसऱ्याच्याच.

माझ्या नात्यातले एक मामा पुसदकडे एकटे राहतात, त्यांना गेल्या वर्षभरात विसर पडायला लागला आहे. त्यांच्या मुलानं विचारलं तेव्हा मी साधीच सांगितली, आणि रिमोट मुलानं स्वतःजवळ ठेवावा, असंही.