शांत एडिटिंग पीसी : सांगलीचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत जोडलेला पीसी आहे, आता मे संपत आला, मधली सगळी लग्नसराई याच्यावरच काढली, म्हणून आता लिहितोय, कारण थंडीत तर कुठलाही पीसी शांतच असतो, खरी परीक्षा एप्रिलमध्ये.

काम म्हणजे लग्नाचे फोटो, ४के व्हिडिओ, आणि मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या कारागिरांचे छोटे व्हिडिओ. त्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन (त्या गावाची खासियत म्हणून सरकारी नोंद) मिळालं, तेव्हापासून मी ते जास्तच मनावर घेतलंय. शांत पीसीचा हट्ट पण तंबोऱ्यामुळेच. जवारी काढताना, म्हणजे तारेची गुंज जुळवताना, कारागीर तार आणि घोडीच्या (तार जिच्यावर टेकते ती पट्टी) मधला दोरा केसभर सरकवतो, आणि मगाशी नुसती वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. ती गुंज विरत जाते आणि अगदी शेवटी तिचा एक बारीक धागा उरतो, तो कुठं संपतो तिथंच कट मारायचा असतो. पायाशी पंखा घोंघावत असेल तर तो शेवट ऐकूच येत नाही, दोन सेकंद आधीच संपला असं वाटतं. हेडफोन घालून चालतंय म्हणतात, पण दिवसभर हेडफोन घालून कान दुखतात आणि व्हॉइसओव्हर त्याच खोलीत करायचा तर माइक पंखा पकडतोच.

तर आधी प्रोसेसर. इंटेल आय५-१३५००, शेवटी एफ नसलेला, हे फार महत्त्वाचं आहे. एफवाल्यात आतलं ग्राफिक्स नसतं. आजकालचे बरेच कॅमेरे एच.२६५ मध्ये १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारा दाबलेला व्हिडिओ) रेकॉर्ड करतात, आणि एनव्हिडियाची ४० सिरीजपर्यंतची कार्ड हा प्रकार हार्डवेअरवर डिकोड करत, म्हणजे उलगडत नाहीत (५० सिरीज करते), इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समधलं क्विक सिंक मात्र करतं. म्हणजे कार्ड लावलेलं असलं तरी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) आतलं ग्राफिक्स चालू ठेवायचं आणि एडिटिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये डिकोडिंगला ते निवडायचं. नाहीतर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर येतो, नुसतं टाइमलाइन पुढं-मागं केलं तरी पीसी तापतो आणि तापला की वाजतो. आवाज कमी करायचा तर उष्णताच कमी करा, बाकी सगळं नंतर.

त्यातच पुढची गोष्ट. हा प्रोसेसर तसा ६५ वॅटचा, पण जोरात आला की १५४ वॅटपर्यंत खातो. मी बायोसमध्ये ९० वर बांधून टाकलाय. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो, पण एक्सपोर्ट मी जेवताना लावतो, तेव्हा मला काय फरक पडतोय! फोटोच्या कामात तर काही कळतच नाही.

कूलर थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, दोन टॉवर, सहा हीट पाइप, उंची १५५ मिलिमीटर, आणि तो आत आडवा बसतो, त्यामुळे कॅबिनेट घेताना आतली रुंदी बघून घ्या. वॉटर कूलिंग मुद्दाम टाळलं, त्याचा पंप कायम चालू असतो आणि रात्रीच्या शांततेत तोच ऐकू येतो.

कॅबिनेटबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही. आतून फोम लावलेली, पुढून बंद कॅबिनेट सायलेंट म्हणून विकतात, ती थंड हवेच्या गावात भारी असतील, पण आपल्याकडं पारा चाळीसला टेकतो, खोलीच ३५ वर असते, आणि खोली जितके डिग्री वाढते साधारण तितकेच प्रोसेसर वाढतो. हवा मोकळी पाहिजे. मी पुढून जाळीचं घेतलं आणि १४० मिलिमीटरचे आर्क्टिक पी१४ पंखे लावले, मोठे आणि हळू. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबल उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्माच वाटतो, म्हणजे एक पंखा जोरात पळवण्यापेक्षा तीन हळू फिरवलेले कधीही चांगले. माझे ५००-६०० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) असतात, एप्रिलच्या दुपारी एक्सपोर्टला ९०० पर्यंत गेले, तेव्हा छताच्या पंख्याखाली ते ऐकूही आले नाहीत.

आणि एक, सारखा एकाच सुरातला आवाज कान विसरतो, वर-खाली होणारा विसरत नाही. लाइटरूममध्ये प्रीव्ह्यू बनताना प्रोसेसर क्षणात वीस डिग्री वर जातो, लगेच खाली येतो, आणि पंखा प्रत्येक वेळी त्याच्यामागं धावतो, हुंऽऽ हुंऽऽ. फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती पळायचा ती रेषा, ६० डिग्रीपर्यंत सपाट ठेवा आणि वेग वाढायला काही सेकंदांचा उशीर द्या, बायोसमध्ये जमतं, नाहीतर फॅनकंट्रोल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. या एका सेटिंगनं जितका फरक पडला तितका कुठल्या महागड्या पार्टनं पडला नाही.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०६०, ११५ वॅटचं, फोटोच्या कामात त्याचे पंखे बंदच असतात. पण ४के वर जड नॉइज रिडक्शन लावणार असाल तर ८ जीबी मेमरी कमी पडते, १२ किंवा १६ वालं बघा, मात्र त्याचे वॅट पण बघा. रॅम ३२ जीबी, पुरते.

पॉवर सप्लाय ७५० वॅट गोल्ड (वीज कमी वाया घालवणारा दर्जा), कमी लोडला पंखा थांबणारा. इथं मला त्रास झाला. पहिला जो आला (कंपनीचं नाव नको) त्यातून कॉइलची बारीक किणकिण यायची, टाइमलाइन स्क्रोल केली की सूर बदलायचा. दुकानदारानं कुरकुर केली पण बदलून दिला. त्यामुळे नवीन सप्लाय आणला की पहिल्याच रात्री सगळं बंद करून कान लावून ऐका, बदलून मिळण्याची मुदत जायच्या आत.

हार्ड डिस्क पीसीत एकही नाही. आत फक्त एनव्हीएमई (न फिरणारी, चिपवाली डिस्क), आणि फिरणाऱ्या डिस्क माळ्यावर एका छोट्या नॅसमध्ये (नेटवर्कवर जोडलेला डिस्कचा डबा), मधे साधी गिगाबिट केबल. ती सेकंदाला शंभरेक एमबी आरामात देते, आणि २०० मेगाबिटच्या ४के फुटेजला लागतात २५, त्यामुळे जुन्या लग्नातला एखादा शॉट थेट तिथूनच उघडतो.

धुळीचं मात्र बघावं लागतंय. गळीत हंगामात कारखान्याची काजळी गच्चीवर पडते तशी खिडकीतून आतही येते, आणि जाळी भरली की तेच पंखे त्याच कामाला जास्त वेगानं फिरायला लागतात. नोव्हेंबर ते मार्च पुढची जाळी दर पंधरवड्याला मऊ ब्रशनं झाडतो, एरवी महिन्यातून एकदा. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता वीतभर उंच स्टुलावर ठेवलं तर केरसुणीची धूळ पण वाचते.

लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का बघा, स्क्वेअर वेव्हवर घरातले पंखेच घुंऽऽ करतात, मग पीसी शांत असून उपयोग काय. कुणाला १३५०० मिळत नसेल तर १४५०० पण चालेल, तोही ६ अधिक ८ कोअरचाच आहे, वॅटची मर्यादा तेवढी आठवणीनं लावा.