साउंडप्रूफिंगच्या नावाखाली ६०,५०० रुपयांचा फोम

खोली साउंडप्रूफ करून देतो म्हणून त्या माणसाने आमच्याकडून ६०,५०० रुपये घेतले आणि भिंतीवर फोम चिकटवून चालता झाला. शेजारचा टीव्ही आधी ऐकू यायचा तसाच आजही येतो, बातम्यांतलं वाक्य न् वाक्य कळतं. घरात सगळे शिकलेले असून हे झालं, त्यामुळे लिहितानाही लाज वाटते. पण 'कमी खर्चात खोली नवी आणि शांत' अशा जाहिराती रोज दिसताहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

सासूबाईंना ऑपरेशननंतर झोप लागत नव्हती. शेजाऱ्यांना सांगून झालं होतं. कोटेशन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, दिसायला अगदी चोख. १२ बाय ९ ची भिंत, म्हणजे १०८ चौरस फूट, ४२० च्या दराने ४५,३६०. खिडकीच्या काचेला 'साउंड-स्टॉप फिल्म' ८,६४०. दाराला रबरी पट्टी ६,५००. ४०,००० आगाऊ, उरलेले २०,५०० 'टेस्ट दाखवल्यावर'. जीएसटीचं बिल हवं असेल तर १८ टक्के, म्हणजे १०,८९० रुपये जास्त. हॉस्पिटलचा खर्च नुकताच निस्तरलेल्या घराला १०,८९० वाचवावेसे वाटले, यात आमचं काय चुकलं ते कुणी सांगावं. तुम्ही मात्र बिल घ्याच. पुढे प्रत्येक दारात पहिला प्रश्न त्याचाच येतो.

आता तो क्षण. माल आला तेव्हा एक पोरगा सगळा माल एकाच फेरीत जिन्याने वर घेऊन आला. काखेत गठ्ठे, हातात डिंकाचा डबा, आणि त्याला साधा दमही लागला नव्हता. मी दार उघडून धरलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत तो आत गेला. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. १२.५ मिलिमीटर जिप्सम बोर्डचे दोन थर त्या भिंतीवर लावायचे म्हटले तर बोर्डच पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतात. त्यामागे मूळ भिंतीपासून सुटी फ्रेम आणि मधे रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, ते वेगळंच. आमच्या भिंतीवर चढला तो २५ मिलिमीटरचा फोम, सगळा मिळून जेमतेम साडेसात किलो. हा हिशेब मी नंतर मांडला. पण आवाज अडवायला आलेलं सामान एक पोरगा काखेत मारून आणतो, एवढं त्या दिवशी डोळ्यांना दिसतच होतं! रात्री टीव्ही सुरू झाला की मला तो जिना आठवतो आणि अंगाचा तिळपापड होतो.

कोटेशनमध्ये 'एनआरसी ०.९' लिहिलं होतं. तो आकडा खोलीच्या आतला आवाज किती शोषला जातो त्याचा. भिंतीपलीकडचा आवाज किती अडतो ते सांगणारा आकडा एसटीसी, आणि तो कागदावर कुठेच नव्हता. सामान्य माणसाने हे कुठून जाणायचं? त्याची टेस्ट म्हणजे खोलीत टाळी वाजवून दाखवणं. घुमणं गेलं, खोली खरंच शांत वाटली. मग मोबाइलवर डेसिबल दाखवले, तेही भर दुपारी, शेजारी ऑफिसला गेलेले असताना. टेस्ट घ्यायची तर पलीकडे टीव्ही लावून, एकाच आवाजावर, कामाआधी आणि कामानंतर. ती त्याने घेतली नाही, २०,५०० मात्र तिथेच उभ्या उभ्या घेतले.

दाराच्या पट्टीचं तर बोलायलाच नको. तीन बाजूंना लावली, खाली बोटभर फट तशीच. भिंतीच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण २० डेसिबलच्या पुढे रोध मिळत नाही. दाराखालचं सील, चौकटीभोवती पट्टी, खिडकीच्या कडेला सीलंट, ही खरी स्वस्त कामं. आधी ती करा आणि फरक ऐका. काचेवरच्या पातळ फिल्मने आवाज थांबत नाही. वरच्या मजल्यावरची पावलं भिंतीला काहीही चिकटवून थांबत नाहीत, कारण ती स्लॅबमधून येतात.

आणि हा फोम पेटतो. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका नाइटक्लबमध्ये आवाजासाठी भिंतींवर लावलेल्या पॉलियुरेथेन फोमने पेट घेतला आणि १०० माणसं गेली. २०१३ मध्ये ब्राझीलच्या सांता मारियात तसंच झालं, २४२ गेली. आजारी माणसाच्या उशाशी आम्ही ते चिकटवून घेतलं होतं. आगीबद्दलचं प्रमाणपत्र मागितलं तेव्हापासून त्याने फोन उचलणं बंद केलं.

पोलिस चौकीत ऐकायला मिळालं, "मॅडम, काम तर केलंय ना त्याने? हा दिवाणी मामला आहे." तक्रार लिहूनही घेईनात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे तुम्ही स्वतः कामासाठी पाठवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार नोंदवली, त्याच्याकडे पाठवली, त्याने उत्तर दिलं नाही, आणि प्रकरण बंद! उत्तर न देणाऱ्याला काही नाही, आणि हेलपाटे आम्हाला. पुन्हा चौकीत गेले तर 'बिल आणा'. बिल नाही म्हटल्यावर साहेब हसले. माझे पैसे गेले आणि हसू त्यांना येतंय. एकाने तर सल्ला दिला, "शेजाऱ्यांशीच गोड बोला." हे लोक कशासाठी बसलेत?

चौकीत तक्रार घेत नसतील तर पोलिस अधीक्षकांना लेखी पाठवा, तिथेही दाद लागली नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हे मला चौकीत कुणी सांगितलं नाही, वकिलाने सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षं. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅट पुरावा म्हणून देता येतात, तेव्हा चॅट पुसू नका. फोम उपटण्याआधी फोटो काढा. आमचा काढताना रंगाबरोबर प्लास्टरचे पापुद्रे निघाले, ११,२०० रुपये वरून गेले, तेही दाव्यात लावलेत.

आयोगात तक्रार दाखल केली आहे. त्याची जाहिरात अजून चालू आहे, फक्त फोन नंबर बदललाय. १०८ चौरस फुटाचं असंच कोटेशन, तीच 'साउंड-स्टॉप फिल्म', तोच ०.९ चा आकडा तुमच्याकडे आला असेल तर एक रुपयाही देऊ नका आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. माझ्या तक्रारीला तो जोडता येईल.