एअरबस ए३३० की बोइंग ७७७: शेजारच्याचा हात कळतो का?
मोठ्या विमानाचं टाइप रेटिंग (ते ठरावीक विमान उडवायची परवानगी) घ्यायचंय आणि दोन्हीकडे संधी आहे, तर संगणक मोजत बसू नका. ए३३० वर विमानाचं नियंत्रण सांभाळणारे तीन प्रायमरी (मुख्य) संगणक, दोन सेकंडरी (दुय्यम). प्रत्येकात एक भाग आज्ञा देतो, दुसरा त्याच्यावर नजर ठेवतो आणि दोघांचं जुळलं नाही की तो संगणक आपणहून बाजूला होतो. ७७७ वर तीनच, पण प्रत्येकाच्या पोटात वेगवेगळ्या बनावटीच्या प्रोसेसरच्या तीन लेन, म्हणजे स्वतंत्र शाखा.

गोची होते ती त्यांना वेग, उंची, कल यांचे आकडे पुरवणाऱ्या एडीआयआरयू या यंत्रात. २००५ मध्ये मलेशिया एअरलाइन्सच्या ७७७ मध्ये वेगातला बदल मोजणारा एक अ‍ॅक्सेलरोमीटर बिघडला आणि सॉफ्टवेअरने २००१ सालीच बाद झालेला दुसरा पुन्हा कामाला लावला. विमानाने आपोआप नाक वर केलं. २००८ मध्ये क्वान्टासच्या ए३३० ने तीनपैकी एकाच एडीआयआरयूच्या अँगल ऑफ अटॅकच्या (पंख आणि समोरून येणारी हवा यांतल्या कोनाच्या) खोट्या उसळ्या खऱ्या मानल्या, नाक दोनदा खाली घातलं, शंभरावर माणसं जखमी झाली. इथे दोघंही सारखेच.

फरक पडतो तो हाताशी. ए३३० च्या दोन साइडस्टिक (वैमानिकांच्या बाजूला असलेल्या छोट्या दांड्या) एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक बेरीज करतो: डावीकडून अर्धी मागे, उजवीकडून अर्धी पुढे, उत्तर शून्य. ‘ड्युअल इनपुट’ असं ऐकू येतं, समोर हिरवे दिवे लुकलुकतात. ताबा हवा तर स्टिकवरचं लाल बटण दाबून धरायचं. ४० सेकंद धरलं की सोडल्यावरही दुसरी स्टिक बंदच राहते. कागदावर चोख. पण शेजारच्याने किती ओढलंय ते हाताला कळत नाही, आणि त्याची स्टिक त्याच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे बघायलाही अवघड. १ जून २००९ ला एअर फ्रान्स ४४७ या ए३३० चे पिटो (वेग मोजणाऱ्या नळ्या) गोठले, ऑटोपायलट सुटला, अल्टरनेट लॉ (नियंत्रणाची कमी संरक्षणाची पद्धत) आला, स्टॉलपासूनचं, म्हणजे पंखांची उचल जाण्यापासूनचं, संरक्षण गेलं. उजवीकडून स्टिक बराच वेळ मागे ओढलेली होती. विमान साडेचार मिनिटांच्या आत समुद्रात. एवढ्या एका कारणाने ते पडलं असं नाही, तरी ही खोट मला खटकते ती खटकतेच.

७७७ चे योक, म्हणजे वैमानिकांपुढची हँडलं, जोडलेले. एकाने ओढला की दुसऱ्याच्या पोटाशी येतो. ऑटोपायलट असला तरी योक हलताना दिसतो. ३५ अंशांपलीकडे कलवलं की उलट जोर लावतो, पण रेटलं तर ऐकतो. ए३३० मात्र सगळं ठीक चालत असेल तोवर ६७ ला थांबवतो म्हणजे थांबवतोच, आणि घाबरलेल्या हातासाठी ते बरंच आहे.

इंजिनाचा जोर ठरवणाऱ्या थ्रस्ट लिव्हरचंही तसंच: जोर आपोआप सांभाळणारा ऑटोथ्रॉटल तो बदलतो तसे ७७७ वर हलतात, ए३३० वर क्लाइंबच्या खाचेत बसून राहतात. अर्थात हलणारे लिव्हर म्हणजे हमी नव्हे. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एशियानाच्या ७७७ चा ऑटोथ्रॉटल ‘होल्ड’मध्ये गेला, म्हणजे लिव्हर हलवेनासा झाला, लिव्हर आयडलला (सर्वांत कमी जोरावर) पडून राहिले आणि वेग घसरत गेला तरी वेळेवर कुणी पुढे केले नाहीत.

ए३२० वर तास झालेल्याला ए३३० लवकर जमतं, त्यामुळे तिकडे गेलात तर चूक म्हणवत नाही. फक्त ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणताना बटण त्याच क्षणी दाबा, नंतर नाही.