दोरीचा मल्लखांब, मोठ्यांची बॅच: सात महिन्यांनी लिहितेय

आमच्या पेठेतल्या जुन्या व्यायामशाळेत सकाळी सहाला मोठ्यांची बॅच असते. मी पोरीला सोडायला जायचे आणि तासभर कट्ट्यावर मोबाईल बघत बसायचे, तर सर एकदा म्हणाले, ताई नुसत्या बसताय कशाला, उतरा की. वय ४१, जिमची वर्षाची फी भरून मोजून अकरा दिवस गेलेली बाई मी, तरी उतरले.

पहिला महिना नुसता कचरा झाला. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची आणि त्या पकडीवर अंग वर उचलायचं, बास, रोज एवढंच. दोरी सुती असते पण बेचकं असं सोलवटतं की चप्पल घालवत नाही. बाजूला सात वर्षांची चिमुरडी सरसर वर जाऊन पद्मासन घालून बसते आणि वरून विचारते, काकू येताय ना! मी यूट्यूबवरचं काहीतरी भारी दाखवलं की सरांचं ठरलेलं, "आधी पकड. आज आलात ना, मग झालं."

कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण सर वहीत हजेरी घेतात आणि दोन दिवस दिसला नाहीत की तिसऱ्या दिवशी फोन येतो, मला वाटतं फी त्या फोनचीच आहे. पाचव्या आठवड्यात एकदम दोरीवर दोन हात उंच चढले. दंड तर तेवढेच दिसत होते, मग ताकद आली कुठून? फिजिओ मैत्रीण म्हणाली सुरवातीला नसांना वळण लागतं, स्नायू भरायला अजून वेळ जातो. मग गणपतीत बारा दिवस दांडी मारली आणि परत गेले तर बेचकं पुन्हा पहिल्यासारखं हुळहुळं. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशीही घरी दहा मिनिटं का होईना दोरीला लोंबकळते, बाल्कनीत हुक ठोकून घेतलाय, नवरा हसतो, हसू दे.

आता चार हात वर जाऊन पद्मासन, दहा आकडे मोजेपर्यंत. पोरीने व्हिडिओ काढलाय.

बाकी सोयी यथातथाच. कपडे बदलायला एकच खोली आणि तिची कडी बसत नाही, गाद्यांना ठिगळं, शेजारच्या लाकडी मल्लखांबाला लावलेल्या एरंडेलाचा वास केसात बसतो. दारात मारुती आणि बाळंभटदादा देवधरांचं चित्र, पाया पडून आत जायचं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला माणूस, मल्लखांब पुन्हा उभा केला तो त्यांनी.

महिना ५०० रुपये. नखं कापून या, पायातली जोडवी काढून ठेवा, आणि गाडी बोळाच्या तोंडाशीच लावा, आत वळत नाही.