बारा नळ्यांची जलरंगाची पेटी : खानदेशच्या उन्हात नवशिक्याला ती कितपत पुरते?

इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेचा अर्ज भरून झाला की जळगाव, भुसावळ, धुळे येथील स्टेशनरीच्या दुकानांत पालक एकच प्रश्न घेऊन उभे राहतात : मुलाला रंग कोणते घ्यावेत? दुकानदार बहुधा विद्यार्थी श्रेणीच्या, 5 मिलिलिटरच्या 12 नळ्यांची पेटी पुढे करतो. येथे कोणत्याही कंपनीचे नाव घेत नाही, कारण या श्रेणीतील पेट्यांचा स्वभाव थोड्याफार फरकाने सारखाच असतो आणि माझ्या चित्रकलेच्या वर्गात सगळ्याच प्रकारच्या पेट्या येतात. माझे मत असे की ही पेटी अवश्य घ्यावी, मात्र महागड्या रंगांवर न घालवलेले पैसे कागदावर खर्च करावेत.

विद्यार्थी श्रेणीच्या रंगात रंगद्रव्य कमी आणि भरीचा भाग जास्त असतो. त्यामुळे ओला असताना भरदार दिसणारा वॉश, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाचा सपाट थर, वाळल्यावर एक पायरी फिका पडतो, आणि त्यावर दुसरा, तिसरा थर चढवला तर चित्र खडूने माखल्यासारखे दिसू लागते. गुणही आहेत. बांधणी डिंकाची असल्यामुळे टोपण सैल राहून घट्ट झालेली नळी ब्लेडने उभी चिरून, आतील वडी पॅलेटमध्ये ठेवून पाण्याने पुन्हा वापरता येते. असे असूनही अर्ध्या भरलेल्या नळ्या कचऱ्यात जाताना मी नेहमी पाहतो.

बारापैकी निम्म्या नळ्या नवशिक्याच्या वाढीला मारकच ठरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. तयार हिरवा, तयार काळा आणि पांढरा हे तीन रंग पहिले काही महिने पेटीतून काढूनच ठेवावेत. रावेर-यावल पट्ट्यातील केळीची बाग रंगवणारा मुलगा तयार हिरवा लावतो तेव्हा सगळी पाने प्लास्टिकची दिसतात. प्रत्यक्षात पानामागून ऊन आले की ते पिवळसर उजळते, वरच्या चकचकीत बाजूवर आकाशाचा निळसरपणा पडतो आणि वाऱ्याने फाटलेल्या चिरांच्या कडा तपकिरी असतात. लेमन यलो, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि चिमूटभर बर्न्ट सिएना (लालसर तपकिरी) एवढ्यावर हे तिन्ही साधते. मधला दांडा पांढऱ्या रंगाने न काढता कोरा कागद सोडून दाखवावा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना घट्ट कालवले तर काळ्या रानाचा जो गडद करडा मिळतो, तो काळ्या नळीतून कधीच निघत नाही. जळगावहून सहज जाऊन येण्याजोग्या अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांनीही मुख्यतः गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा यांवरच भागवले. लाजवर्द या दगडापासूनचा निळा तेवढा दूरदेशीचा. तेव्हा 12 नळ्या कमी पडतात ही तक्रार मला फारशी पटत नाही.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 45 अंशांच्या आसपास गेला की वॉशची एक कड दुसरीला मिळण्याआधीच वाळते आणि आकाशात पट्टे उमटतात, ज्याचा दोष मुले स्वतःच्या हाताला किंवा रंगांना देतात. यावर उपाय आहेत : कागद दोन्ही बाजूंनी ओला करावा, लागणारा सगळा वॉश आधीच वाटीत कालवून ठेवावा, 10 किंवा 12 क्रमांकाचा गोल ब्रश घ्यावा आणि बाहेर बसायचे असल्यास ऊन चढण्याआधी उठून यावे. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब टाकल्यानेही वाळण्याचा वेग कमी होतो. जास्त टाकल्यास मात्र चित्र चिकट राहते. पेटीसोबत फुकट मिळणारा बारीक ब्रश आकाशासाठी वापरू नये, कारण त्याने एवढ्या उन्हात हातभर जागाही वेळेत भरत नाही.

कागदाबाबत मी हट्टी आहे. साधा कार्ट्रिज कागद पाणी पडताच पापडासारखा उचलतो आणि रंग खळग्यांत साचतो. त्याऐवजी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), शक्यतो सुती लगद्याचा कागद घ्यावा. महाग वाटल्यास मोठ्या तावाचे आठ तुकडे करून लहान चित्रे काढावीत. त्या कागदावर हीच स्वस्त पेटी अनोळखी वाटावी इतकी खुलते, हे मी वर्गात दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवतो.

टिकाऊपणाबद्दल सावध राहावे. बक्षीस मिळालेले चित्र पालक हौसेने उन्हासमोरील भिंतीवर लावतात आणि स्वस्त श्रेणीतील गुलाबी, जांभळे रंग आधी उडतात. आपली पेटी तपासायची असेल तर सगळ्या रंगांची पट्टी ओढून, तिचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून, उन्हाळाभर खिडकीत लावून ठेवावी.

शाळकरी मुलांना आणि रोज सराव करणाऱ्या नवशिक्यांना ही पेटी मी निःसंकोच सुचवीन. कला महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी आणि चित्र विकण्याचा विचार करणाऱ्यांनी मात्र दुसरी पेटी न घेता, संपेल तो रंग कलावंत श्रेणीच्या सुट्या नळीत घ्यावा. सुरुवात अल्ट्रामरीनपासून करावी, कारण या श्रेणीतही तो बेताच्या किमतीत मिळतो आणि संपतोही सर्वांत आधी.