छोट्या एसयूव्हीचे नवे टायर : ९ महिने आणि १४,००० किलोमीटरनंतर

माप मूळचंच ठेवलं : २१५/६० आर १७ ९६एच (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १७ इंच; ९६ हा भाराचा आकडा, एच हे वेगमर्यादेचं अक्षर). जात टूरिंग, म्हणजे डांबरी रस्त्याचे साधे टायर. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी. चारही टायर एकदम बदलले.

छोटी एसयूव्ही ही उंच केलेली कारच असते. सस्पेन्शन, वजन, गिअर सगळं कारचं. जाड गुटक्यांचे (रबराच्या ठोकळ्यांचे) ऑल-टेरेन टायर तिला फोटोत शोभतात, पण रोजच्या वापरात त्यांचं जास्तीचं वजन, घरघर आणि ओल्या डांबरावर लांबणारा ब्रेक एवढंच पदरी पडतं. दर आठवड्याला खडी-चिखल तुडवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरा मोह म्हणजे एक माप रुंद टायर. २२५/६० आर १७ घातला की टायरचा व्यास ६९० वरून ७०२ मिलिमीटर होतो, म्हणजे सुमारे १.७ टक्के वाढतो. स्पीडोमीटरचा काटा तेवढाच मागे पडतो आणि किलोमीटरही तेवढेच कमी मोजले जातात. ‘रुंद टायरनं मायलेज पाडलं’ या तक्रारीतला तेवढा भाग नुसता मीटरचा असतो. उरलेला खरा असतो. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासतो का, हे गाडी भरलेली असताना पाहावं लागतं. रिकाम्या गाडीत ते कळत नाही.

मापानंतरच्या आकड्याकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ९४ म्हणजे ६७० आणि ९१ म्हणजे ६१५. ‘९६ नाहीये, ९४ चालून जाईल’ हे ऐकून घेऊ नये. चारांची बेरीज गाडीच्या वजनापेक्षा जास्त भरते हे खरं, पण वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं आणि ब्रेक मारल्यावर ते पुढे झुकतं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरपेक्षा खाली उतरायचं नाही. उलट एक्सएल (जास्त भाराचा) लिहिलेला १०० चा टायर घेतला म्हणून फुकटात ८०० किलो मिळत नाहीत. ती क्षमता जास्त हवेवरच मिळते आणि कडक साइडवॉलमुळे (टायरच्या बाजूच्या भिंतीमुळे) खड्डे पाठीला कळतात.

टायर बसवण्याआधी त्यावरची तारीख वाचावी. चार अंकी कोडमध्ये २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. हा कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो. ती बाजू आत गेली की गाडीखाली वाकून बघत बसा. ट्रेडवेअरचा (टायर किती टिकेल त्याचा) आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघण्यापुरताच तो कामाचा. ट्रॅक्शनचा (पकडीचा) एए किंवा ए दर्जाही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारण्यापुरता असतो. वळणाबद्दल किंवा पाण्यावर तरंगण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता वापराबद्दल. पहिले ३०० किलोमीटर टायर निसरडे वाटतात, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला पदार्थ पृष्ठभागावर असतो. नवे उंच गुटके लवतात, त्यामुळे स्टिअरिंगही सैल वाटतं. दोन्ही आपोआप जातं. मायलेज सुरुवातीला थोडं पडलेलं दिसतं, तेही अपेक्षितच. झिजलेला टायर सहज फिरतो आणि त्याचा व्यास ११-१२ मिलिमीटरनं कमी झालेला असल्यानं मीटर जास्त किलोमीटर दाखवत असतो. जुन्या आकड्याशी तुलना करून टायरला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

खाचांची खोली नवी असताना ७.६ मिलिमीटर होती. आज चारही चाकांवर ६.२ च्या आसपास आहे. १,००० किलोमीटरला ०.१ मिलिमीटर असा हा हिशेब. झिजेची खूण १.६ वर असते, पण ३ च्या खाली पावसात पाणी बाहेर फेकण्याची ताकद झपाट्यानं घटते. ३ लाच बदलायचे धरले तर याच वेगानं एकूण ४६,००० किलोमीटर निघतील.

आवाज हा या टायरचा कमकुवत भाग. गुळगुळीत डांबरावर शांत, पण खरखरीत खडीच्या थरावर ६० ते ८० च्या वेगात गुणगुण येते. रोटेशन (चाकांची अदलाबदल) लांबलं तर ती वाढते, कारण मागच्या, नुसत्या ओढल्या जाणाऱ्या चाकांच्या गुटक्यांना करवतीसारखे दात पडतात. तळहात एका दिशेनं फिरवला तर गुळगुळीत, उलट्या दिशेनं खरखरीत. हाच आवाज ऐकून धडधाकट बेअरिंगं बदलली जातात! ८,००० किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे केले की सुधारतं. एकदिश नक्षी (एकाच दिशेनं फिरण्यासाठी केलेली) असेल तर बाजू बदलायची नाही.

निम्म्या तक्रारी टायरच्या नसतातच. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, फक्त मधला पट्टा झिजला तर जास्त, आणि एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेली. टायर बसवल्यावर अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागावा. मागचा ॲक्सल टॉर्शन बीमचा (दोन्ही चाकं एकाच आडव्या तुळईला जोडलेला) असेल तर तिथला टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) सहसा जुळवता येत नाही, त्यामुळे ‘चारही चाकं सेट केली’ म्हणणाऱ्याला तो आकडा विचारावाच. ८०-१०० वर स्टिअरिंग थरथरलं तर पुढचं चाक, सीट थरथरली तर बहुधा मागचं. बॅलन्सिंगची वजनं पुन्हा लावण्याआधी रिमच्या आत वाळलेला चिखल आणि हबवरचा गंज काढायला सांगा. सगळं करूनही थरथर राहिली तर टायर रिमवर १८० अंश फिरवून बसवावा. हवेचा सेन्सर असेल तर वाल्व्ह कुठे आहे ते कारागिराला आधीच दाखवा, कारण टायर सोडवणारं यंत्र त्याच्या डोक्यावर दाबलं की सेन्सर संपला. नट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं आवळावेत आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

हवा ३३ पीएसआय, गाडी तीन तास उभी राहिल्यावर मोजलेली. ३० वर वळणात साइडवॉल झुकते आणि खांदे तापतात, ३६ वर खड्ड्यांचा ठणका वाढतो. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण २ पीएसआय कमी होते. धावून तापलेल्या टायरात ४ पीएसआय जास्त दिसले तर ती हवा काढू नये. गार झाल्यावर टायर कमीच भरेल.

ओल्या डांबरावर ब्रेक भरवशाचा आहे, साचलेल्या पाण्यातही स्टिअरिंग हलकं पडत नाही. ओल्या गवतावर आणि मऊ मातीत मात्र खाचा लगेच भरतात आणि पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. बारीक खडे खाचांत अडकून टकटक करतात, महिन्यातून एकदा ते काढावे लागतात. साइडवॉल मऊ आहे, फुटपाथच्या कडेला घासून गाडी लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तिथलं पंक्चर दुरुस्त होत नाही. मधल्या भागातलं ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक टायर उतरवून आतून मशरूम पॅचनं बंद करावं, बाहेरून घुसवलेली दोरी घरी पोहोचण्यापुरती.

बजेट दोनच टायरांचं असेल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. पावसात मागची चाकं आधी सुटली तर गाडी गरकन फिरते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र दोनावर भागवू नये, पुढच्या-मागच्या व्यासातला फरक पुढची-मागची चाकं जोडणाऱ्या मधल्या कपलिंगवर येतो.