बिनबुडाचा पोर्टाफिल्टर: खाऱ्या हवेतल्या दहा महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात मी घरच्या एस्प्रेसो यंत्रासाठी ५१ मिलिमीटरचा, स्टेनलेस स्टीलचा, बिनबुडाचा पोर्टाफिल्टर मागवला. दळलेली कॉफी ज्यात भरून यंत्राला अडकवतात, तो दांडा असलेला भाग म्हणजे पोर्टाफिल्टर. आणि बिनबुडाचा म्हणजे ज्याच्या खालच्या तोट्या व तळ काढून टाकलेला असतो, त्यामुळे आतल्या बास्केटची, म्हणजे कॉफी भरायच्या वाटीची, जाळी उघडी दिसते, असा. पार्सल उघडल्यावर आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "तळच नाही की ह्याला, परत पाठव." परत पाठवला नाही. रत्नागिरीत समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर असलेल्या आमच्या स्वयंपाकघरात तो दहा महिने रोज वापरात आहे आणि त्यात एक अख्खा पावसाळा गेला आहे, तेव्हा आता त्याविषयी लिहायला हरकत नाही.

खरे तर हा माझा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी मी फक्त ५१ हा आकडा पाहून मागणी नोंदवली आणि जो पोर्टाफिल्टर आला तो यंत्रात शिरेचना, कारण त्याला दोन कान होते आणि माझ्या यंत्राच्या तोंडाला तीन कानांच्या खाचा आहेत. विक्रेत्याच्या पानावर कानांचा उल्लेखही नव्हता, आणि परत पाठवण्याचा खर्च मला सोसावा लागला. हे कान म्हणजे कडेला बाहेर आलेले धातूचे दाते. दांडा फिरवला की ते खाचेत सरकतात आणि बास्केटची कड वरच्या रबरी गॅस्केटवर घट्ट दाबतात. कान पातळ असतील तर दांडा गरजेपेक्षा पुढे फिरतो आणि कडेने पाणी गळते. जाड असतील तर तो आत जातच नाही. म्हणून मागवण्यापूर्वी जुन्या पोर्टाफिल्टरचे कान मोजावेत, त्यांची जाडी पट्टीने पाहावी, आणि आपल्या यंत्राचा नेमका मॉडेल क्रमांक विक्रेत्याने दिलेल्या यादीत आहे का, याची खात्री करून घ्यावी.

व्यासाचा आकडाही समजून घेण्यासारखा आहे. १९६१ साली आलेल्या फाएमा ई६१ या यंत्रापासून रुळलेले ५८ मिलिमीटर हे माप आज बहुतेक कॅफेंत आणि गॅजिया क्लासिक किंवा रान्चिलिओ सिल्व्हियासारख्या घरगुती यंत्रांत दिसते. ब्रेव्हिल बाम्बिनोचे माप ५४, तर डिलाँगी डेडिकाचे ५१ आहे. ५८ च्या बास्केटचे क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटिमीटर भरते आणि ५१ चे २० च्या आसपास, त्यामुळे तितकीच १६ ग्रॅम कॉफी लहान बास्केटमध्ये जाड थर करून बसते, पाण्याला जास्त खोल वाट काढावी लागते आणि दळण किंचित जाडसर ठेवावे लागते. म्हणून ५८ वाल्यांच्या व्हिडिओतले ग्राइंडरचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाहीत. तरीही ५१ मध्ये वाईट कॉफी होते, हा समज मला मान्य नाही. त्याला सुटे सामान कमी मिळते, एवढीच त्याची खरी अडचण आहे.

चवीतला फरक मात्र मुख्यतः दांड्यामुळे पडत नाही, आतल्या बास्केटमुळे पडतो. यंत्रासोबत बहुधा दुहेरी भिंतीची बास्केट येते: आतल्या जाळीला पुष्कळ छिद्रे असतात, पण बाहेरच्या भिंतीला टाचणीच्या टोकाएवढे एकच. सगळा दाब त्या एका छिद्रापाशी तयार होतो, म्हणून बाजारातली तयार दळलेली पूड घातली तरी वर जाड फेस येतो, आणि दळण चुकलेले असले तरी ते कळत नाही. एकेरी भिंतीच्या बास्केटमध्ये पाण्याला अडवणारी वस्तू एकच, ती म्हणजे दाबलेली कॉफी. तिथे तयार पुडीतून पाणी दहा सेकंदांत धो धो निघून जाते आणि कपात आंबट, पांचट काळे पाणी उरते. म्हणून घरी बारीक दळणारा, पायरी पायरीने बदलता येणारा ग्राइंडर नसेल तर हा पोर्टाफिल्टर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्राइंडर आहे पण खर्च कमी करायचा आहे, त्यांनी आधी नुसती एकेरी बास्केट घेऊन जुन्याच दांड्यात बसवून पाहावी.

मग बूड नसण्याचा फायदा काय? चूक डोळ्यांना दिसते. पहिल्या आठवड्यात जाळीच्या एका कोपऱ्यातून केसासारखी बारीक चिळकांडी उडाली आणि थेट मागच्या पांढऱ्या टाइल्सवर गेली. याला चॅनेलिंग म्हणतात, म्हणजे पाण्याने थरात फट शोधली आणि बाकीची कॉफी तशीच सोडून दिली. माझ्या बाबतीत दोष टॅम्परचा, म्हणजे बास्केटमधली कॉफी दाबायच्या ठोकळ्याचा, निघाला. यंत्रासोबतचा प्लास्टिकचा टॅम्पर बास्केटपेक्षा लहान असल्याने कडेला नखभर कॉफी सैलच राहत होती. नेमका ५१ चा धातूचा टॅम्पर घेतला, दाबण्यापूर्वी बारीक सुईने पूड मोकळी करू लागलो, आणि चिळकांड्या जवळजवळ थांबल्या. आता १६ ग्रॅम कॉफीतून २८ सेकंदांच्या आसपास ३२ ग्रॅम एस्प्रेसो मिळते: आधी जाळीभर काळपट थेंब फुटतात, मग ते मधोमध जमून काकवीसारखी एकच धार धरतात. तोट्यांच्या पोर्टाफिल्टरमध्ये यातले काहीच दिसत नाही.

सोबत आलेली बास्केट खोल आहे, पण म्हणून ती काठोकाठ भरू नये. दाबलेल्या कॉफीवर एक रुपयाचे स्वच्छ नाणे ठेवून दांडा अडकवावा व पुन्हा काढावा. नाणे कॉफीत रुतलेले दिसले तर कॉफी जास्त झाली. माझ्याकडे १८ ग्रॅमला ते रुतले.

आता खाऱ्या हवेविषयी, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न टळत नाही. जुना पोर्टाफिल्टर ॲल्युमिनियमचा होता आणि दोन वर्षांत त्याला आतून पांढरट चट्टे पडले होते. क्रोमचा मुलामा दिलेले पितळ उष्णता छान धरते, पण कल्हई उडालेल्या भांड्यासारखे आतले पितळ उघडे पडले की ओल्या जागी हिरवट थर धरतो, आणि आमसुलाने घासून तो काढणे हा काही पोर्टाफिल्टरवर करायचा प्रयोग नव्हे. स्टेनलेस स्टीलवर दहा महिन्यांत डाग नाही. लाकडी मूठ मात्र पावसाळ्यात फुगली, आतला स्क्रू ढिला होऊन दांडा गरगर फिरू लागला आणि ऑगस्टमध्ये मुठीवर बुरशीची पांढरी लव आली. प्लास्टिकची मूठ दिसायला सामान्य असली तरी आपल्याकडे तीच घ्यावी. कॉफीही ओल धरतेच. जुलैत तितकीच एस्प्रेसो निघायला ४० सेकंद लागू लागले आणि ग्राइंडर दोन पायऱ्या जाड करावा लागला, तेव्हा त्या महिन्यात आलेल्या अनुभवावरून कोणी पोर्टाफिल्टरला दोष देऊ नये.

वजनाची एक तक्रार आहे. स्टीलचा दांडा इतका जड आहे की माझे हलके यंत्र अडकवताना जागचे सरकते, म्हणून दुसऱ्या हाताने ते धरून ठेवावे लागते. थंड असताना हाच धातू पाण्याची उष्णता ओढून घेतो आणि कॉफी आंबट लागते. त्यासाठी यंत्र तापताना रिकामा पोर्टाफिल्टर अडकवूनच ठेवतो आणि आधी एकदा नुसते गरम पाणी सोडतो.

किंमत मला सुमारे २ हजार रुपये पडली, टॅम्पर वेगळा. जुना पोर्टाफिल्टर मी टाकलेला नाही, कारण बिनबुड्याची धार दोन कपांत वाटता येत नाही. गणपतीला मुंबईची मंडळी आली की दोन तोट्यांचा तोच बाहेर निघतो, आणि त्या आठवड्यात आईची यंत्राविषयी काही तक्रार नसते.